पांढऱ्या रेषेच्या अलीकडे

टक्. आईनं उकडलेल्या अंड्यावर चमचा मारला आणि नाश्त्याच्या टेबलावरची शांतता तडकली. पण अंडं तिनं खाल्लंच नाही.

शरदाची सुट्टी वीबकेला लागली होती. ट्राम चालवणारी आई मात्र चौकशी संपेपर्यंत घरी बसवली गेली होती. लिंडेनरिंगच्या थांब्यापाशी ओस्टरकांप नावाच्या माणसानं रुळांना खेटून गाडी लावली, आईच्या ट्रामनं तिचा आरसा उडवला, आणि वर त्यानंच तक्रार ठोकली : माझी गाडी पांढऱ्या रेषेच्या अलीकडेच होती, ही बाईच बेफिकीर! गाड्यांची हद्द दाखवणारी ती रेषा तर ओल्या पानांखाली गडप झालेली. आता आईची ट्राम कायमची जाते की काय, ही धास्ती होती.

"नुसती माफी नको मला," वीबके धाकट्या भावाला, टिलोला म्हणाली. "चारचौघांत जिरवायची त्याची."

ओस्टरकांप रोज सकाळी तिथंच गाडी लावून बेकरीत शिरतो, हे तिची मैत्रीण दिलारा हिनं हेरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिघांनी पानं झाडून रेषा लख्ख केली. गाडी आली ती थेट रेषेवर. मागच्या सीटवर त्याची चिमुरडी होती. तिला तिथंच ठेवून तो खाली न बघता तरातरा निघाला.

बेकरीत तिघं आधीच रांगेत त्याच्या पुढे. खसखशीचा पाव कालचा तर नाही ना, भोपळ्याच्या बिया कशावर जास्त आहेत, जरा कमी भाजलेला मिळेल का... टिलोच्या चौकशा संपेनात. ओस्टरकांप फुरफुरत होता, पण रांग मोडायची? छे, जीव गेला तरी नाही.

बाहेर घंटा घणघणली. ट्राम अडली होती, आणि तिच्यातून आईच्या साहेब, उटहॉफबाई, उतरत होत्या. त्या रोज याच ट्रामनं कामावर जातात, हे वीबकेला पक्कं ठाऊक होतं.

ओस्टरकांप बाहेर धावला. मागून वीबके आणि बाकीची दोघं.

"गाडी चुकीची लागलीय वाटतं, साहेब," ती गोड आवाजात म्हणाली.

"मला शिकवतेस? रोज इथंच लावतो मी. त्या दिवशीही अगदी इथंच होती!"

उटहॉफबाईंनी खाली बघितलं. मग अख्ख्या ट्रामनं बघितलं. ओस्टरकांपनं सगळ्यात शेवटी. खिडक्यांमधून हशा पिकला, आणि त्याचे लालबुंद कान वीबकेनं डोळे भरून पाहून घेतले.

"आईला सांगा, उद्यापासून कामावर या म्हणावं," बाई तिघांची पाठ थोपटत म्हणाल्या. "आणि मुलं गुणी आहेत म्हणावं."

गाडीची काच हळूच खाली आली.

"हे तू तुझ्या आईसाठी केलंस?" चिमुरडीनं विचारलं.

"हो," वीबके ताठ मानेनं म्हणाली.

"मग आता माझ्या बाबांसाठी मी तुला काय करू?"