करड्या सशाची शीर

मुलांनो, जबड्याखाली मानेवर एक बोट ठेवा बरं. लागली नाडी? आता कल्पना करा, बोटाखाली ससा आहे. त्याची नाडी इतकी पळते की मोजता येत नाही. नुसती थरथर जाणवते.

मी अशा सशांची डॉक्टर होते. माणसाच्या हृदयाची धमनी तुंबली की पायातली शीर काढून तिथे जोडतात. काही वर्षांनी तीही आतून चरबीने भरते. का भरते हे कळावं म्हणून आमच्या प्रयोगशाळेत सशाच्या मानेतली शीर त्याच्याच धमनीत जोडायचे, त्याला तुपकट खाणं घालायचे आणि शेवटी त्याला मारून ती शीर तपासायचे.

माझ्या धाकट्या भावाच्या छातीत अशीच जोडलेली शीर होती. ती भरत आली होती. दुसरं ऑपरेशन त्याला झेपणार नव्हतं.

त्यातच हा करडा ससा. बाकीच्यांच्या शिरा तुंबल्या, याची सोनोग्राफीत नव्यासारखी स्वच्छ. मी टाक्यांजवळ बोट ठेवलं. थरथर नव्हतीच. दोन ठोके, खंड. दोन ठोके, खंड. सावकाश, माणसासारखे.

या सशाला शीर जोडली त्याच दिवशी भावाची छाती दुखायची थांबली होती. मी योगायोग म्हणून सोडून दिलं होतं.

भावाची मुलगी खारू शाळेतून थेट माझ्याकडे प्रयोगशाळेत यायची. त्या दिवशी तिने सशाच्या मानेला हात लावला.

"आत्या, हे बाबा आहेत."

"काहीतरीच काय!"

"मी रोज त्यांच्या छातीवर डोकं ठेवून झोपते. मला नको शिकवूस."

तेवढ्यात आमचे प्रमुख इंजेक्शन भरून आले.

"सर, याला राहू द्या. नुसता हात लावून बघा."

"मी आकडे बघतो, बाई. लाड घरी करा."

"आकड्यांच्या पलीकडे बघायला डोळे दिलेत ना देवाने?" माझा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"बाजूला व्हा."

सुई आत गेली. ससा सैल पडला. मी भावाला फोन लावला, स्पीकरवर.

"काय गं ताई?" अगदी नेहमीचा आवाज. माझा जीव भांड्यात पडला.

सरांनी शीर कापून काढली, फ्रीजमधल्या गार द्रावणाच्या बाटलीत सोडली आणि झाकण लावलं.

"ताई..." भावाचे दात वाजत होते. "एकदम गारठलो गं. दिवे कुणी घालवले?"

बाहेर लख्ख ऊन होतं.

बाटलीतली शीर हलली. दोनदा. थांबली.

सर मागे सरकले. खारू सरकली नाही. तिने बाटली उचलली, स्वेटरच्या आत पोटाशी धरली.

"हां," फोनमधून आवाज आला. "आता बरं वाटतंय."

सरांनी हात पुढे केला. खारूने त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि स्वेटरची बटणं लावायला घेतली, खालपासून वरपर्यंत, एकेक करून.