पाठीवरची थाप

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण त्या दुपारी गाडीवर मीच होते.

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या आस्सेन गावच्या मोटरसायकल शर्यतीच्या ट्रॅकवर जुन्या विजेत्यांची मानाची फेरी होती. माझे बाबा, लॅमर्ट, साइडकार मोटरसायकलचे चॅम्पियन. सत्तरी उलटली, तरी लोक त्यांना बघून अजून टोप्या उडवतात.

या शर्यतीत दोघं लागतात. एक चालवतो. दुसरा बाजूच्या फळीवर, वळणाला अंग बाहेर झोकून तोल धरतो. बाबांचे जोडीदार होते यान्सकाका. विजय दोघांचे. पण मुलाखती, सह्या, रस्त्याला नाव... सगळं बाबांचं.

काका वारले. अंत्यविधीच्या दिवशी बाबा एका दुकानाची फीत कापायला गेले होते.

त्या फेरीत काकांच्या जागी मी होते.

निघण्याआधी हिलीकाकू, काकांची बायको, थर्मास घेऊन आल्या.

"लॅमर्ट, आज तुझ्या हातात माइक देतील. एकदा तरी त्याचं नाव घे."

"घेतो गं. त्याला कोण विसरलंय?"

"तू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जोडीदाराची पाठीवर थाप पडल्याशिवाय बाबा गाडी हलवत नसत. ती त्या दोघांची जुनी रीत. मी दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरले होते. हात सोडायचा धीरच होईना...

गाडी सुटली!

पहिलं वळण आलं. मी भीतीनं गोठले. झुकलेच नाही. आता फळीखालचं तिसरं चाक हवेत उचललं जाणार...

उचललं गेलं नाही.

माझ्या पलीकडे फळी खाली दबली होती. तिथं कुणीच नव्हतं.

फेरी संपली. बाबा हेल्मेट काढत हसले. "काय सणसणीत थाप मारलीस गं! थेट यान्ससारखी."

"बाबा... मी थाप मारलीच नाही."

त्यांचं हसू मावळलं.

गळ्यात पानांचा हार पडला, हातात माइक आला. "लॅमर्ट! लॅमर्ट!" लोक बेभान झाले होते. हिलीकाकू पुढेच उभ्या होत्या.

बाबांनी तोंड उघडलं... आणि एकदम पुढे हेलपाटले. मागून कुणी थाप मारावी तसे.

मागे कुणी नव्हतं.

ते घाबरून मागे बघत राहिले. मग लोकांकडे वळले.

"मी जिंकलो... ते तुमच्यामुळे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंनी थर्मास उचलला आणि त्या चालू लागल्या. मला शरमेनं मान वर करवेना.

तेव्हापासून बाबा सायकलवर बसतात, पेडलवर पाय ठेवतात... आणि थांबतात. शेजारी हसतात. "काय चॅम्पियन, पेट्रोल संपलं का?"

परवा न राहवून मीच त्यांच्या पाठीवर थाप मारली.

ते वळलेसुद्धा नाहीत.

"तुझी नको, पोरी. त्याची मी ओळखतो."

आत्ताही खिडकीतून दिसतायत. एक पाय जमिनीवर, पाठ किंचित वाकलेली... वाट बघत.