डावीकडची गार हवा

टक टक. दोनदाच, बोटांच्या पेरांनी. आणि मग पंख्याची घरघर.

चंद्रभान मिस्त्रीनं तो आवाज पहिल्यांदा ऐकला त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील. कारंजात हायवेला लागून त्याचं गॅरेज आहे, टिनाचं शेड आणि पुढं कडुलिंब, तुम्ही पाहिलंच आहे. मधुकरराव कापडवाल्यांनी तेव्हा एक जुनी जीप घेतली होती, बंद टपाची. तिच्या हीटरचा पंखा भारी आळशी. बटण दाबलं तरी गप्प. मधुकरराव मिस्त्रीला तक्रार सांगतच होते, तेवढ्यात बाजूच्या सीटवरून यशोदाबाई वाकल्या, डॅशबोर्डच्या खालच्या डब्यावर दोनदा टकटक केलं, आणि पंखा सुरू झाला.

"वाजवल्याशिवाय दार उघडत नाई तो," त्या म्हणाल्या. "माणसावाणीच आहे."

चंद्रभान हसला. त्या दिवसापासून त्या त्याच्या काकू झाल्या आणि मधुकरराव काकाजी. त्याची आई लहानपणीच गेलेली. दर दिवाळीला तो काकूंच्या पाया पडायला जायचा. इतक्यांदा वाकला, की त्यांचे पाय त्याला पाठ होते. लहानसे पाय, आणि डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

हे मला चंद्रभाननंच सांगितलं. एकदाच सांगितलं. तेव्हा तुम्ही जाऊन त्याला विचारू नका, पोरांनो. ते लाकूड जरा आत सरकवा.

तर एका मे महिन्यात जीपचा हीटर गळायला लागला. डॅशबोर्डखाली एक छोटी जाळी असते. इंजिनाचं गरम पाणी एका पाइपानं तिच्यात येतं, दुसऱ्यानं परत जातं, आणि मागचा पंखा ती गरमी आत फेकतो. ती जाळी फुटली आणि पाणी काकूंच्या पायांवर टपकू लागलं. त्यांना लग्नाला जायची घाई. आपल्याकडचा मिस्त्री अशा वेळी जे करतो तेच चंद्रभाननं केलं. दोन्ही पाइप जाळीपासून काढले आणि एकमेकांना जोडून दिले. गळती बंद, हीटरही बंद. आपल्या उन्हात हीटर मागतो कोण? हिवाळ्यात नवीन जाळी टाकून देतो, तो म्हणाला.

हिवाळा आला. मधुकरराव म्हणाले, दोन महिन्यांच्या थंडीसाठी काय हीटर, मोजे घाल. काकू म्हणाल्या, मोजे काय चूल आहे का? पण त्यांचे पाय खरंच गार पडायचे. गाडीत बसल्या की पाय वर सीटवर, लुगड्यात घेऊन बसायच्या. गॅरेजसमोरून जाताना काच खाली करून विचारायच्या, चंद्रभान, माह्या पायाचं काई? तो म्हणायचा, उद्या करतो काकू. नवी जाळी त्यानं आणूनही ठेवली होती. खोक्यासकट फळीवर पडून होती. रोज दुसऱ्याची गाडी पुढं यायची. घरच्या माणसाचं काम मागं राहतं, तसं ते राहिलं. पाच हिवाळे राहिलं.

"तुह्या उद्यानं माह्ये पाय म्हातारे झाले रे," एकदा त्या म्हणाल्या. रागावून नाही. त्या रागवायच्याच नाहीत.

मग एका डिसेंबरात, पहाटे साडेतीनला, चंद्रभानचा फोन वाजला. काकूंना दम लागला होता. मधुकररावांना रात्री दिसत नाही, म्हणून जीप चंद्रभाननं काढली. वर्ध्याला न्यायचं होतं. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून काकू पुढं बसल्या, डावीकडं. मधुकरराव मागं. आर्वी सुटली तसं धुकं लागलं. अंगात दोन स्वेटर, तरी चंद्रभानचे हात स्टेअरिंगवर आखडत होते.

काकूंनी बटण दाबलं. मग हात लांबवला. टक टक.

पंखा फिरला. गार हवा आली. सरळ पायांवर.

चंद्रभानला वाटलं, गाडीतून उतरावं आणि तोंड लपवावं. काकूंनीच पंखा बंद केला. पाय वर घेतले, लुगड्यात गुंडाळले.

"राहू दे चंद्रभान," त्या म्हणाल्या. "उद्या पाह्यजो."

खरांगण्याच्या अलीकडे त्यांचं डोकं खिडकीला टेकलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, रस्त्यातच. गारठ्यानं नाही. चंद्रभानलाही ते कळत होतं. पण 'उद्या पाह्यजो' हे शेवटचे शब्द त्या त्यालाच बोलल्या होत्या. ते मागच्या सीटवर मधुकररावांनीही ऐकले होते.

मधुकरराव काही म्हणाले नाहीत. वर्षभर नाही. तेरवीला चंद्रभान गेला, तर त्यांनी पत्रावळ पुढं ठेवली आणि पुढच्या माणसाकडं वळले. बाजारात दिसले की मान फिरवायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, चंद्रभान मला म्हणाला. जीप त्यांच्या घरामागं टिनाखाली उभी राहिली. गॅरेजला आली नाही.

आली ती वर्ष भरलं तेव्हा. दोन हजार चोवीस सालचा डिसेंबर, एकवीस तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी काकूंचं वर्षश्राद्ध, पवनारला धाम नदीवर. दिवस मावळायच्या आत मधुकररावांनी जीप हळूहळू चालवत आणली, कडुलिंबाखाली उभी केली आणि किल्ली पुढं धरली.

"सकाळी चारले पवनारले निघाचं आहे," ते म्हणाले. "हीटर पाहून ठेव. तूच चालवजो."

वर्षातले पहिले शब्द. चंद्रभाननं किल्ली घेतली. ते पायी घरी गेले.

त्यानं जीप शेडमध्ये घेतली, दिवे लावले, कामावरच्या पोराला घरी पाठवलं, फळीवरचं खोकं काढलं. खोक्यावर बोटभर धूळ. सातला डॅशबोर्ड उघडला. जुनी जाळी काढून नवी बसवली, जोडलेले पाइप सोडवून तिला लावले. पंख्याच्या मोटरचे कार्बनही बदलले. आता टकटक करायची गरज नव्हती, बटण दाबलं की पंखा फिरणार. पण घाई झाली. पाइप आवळणारा एक क्लॅम्प ढिला राहिला. पाणी भरलं तसं डावीकडं भळकन सांडलं, खालची रबराची मॅट पार भिजली. त्यानं क्लॅम्प कसला. मॅट मागून पुसू म्हणाला.

इंजिन सुरू केलं. ते तापायची वाट पाहत उभा राहिला. मग पाइपांना हात लावला. येणारा गरम, जाणारा गार. म्हणजे आत हवा अडकली. पाइप ढिला करून त्यानं हवा काढली, पुन्हा पाणी भरलं. आता दोन्ही गरम. पाणी नीट फिरत होतं.

पंखा लावला. उजवीकडून, ड्रायव्हरच्या पायाशी, झकास गरम हवा.

डावीकडून गार.

तो हसलाच जरा. वाटलं, आतली झडप अडकली असेल. हवा इकडं-तिकडं वळवणारी पट्टी असते, ती. पुन्हा सगळं खोललं. झडप मोकळी होती. हवेचा नळ काढून पाहिला, उंदराचं घरटं बिरटं असेल म्हणून. नळ साफ. उजवीकडच्या तोंडात चिंध्या कोंबल्या, म्हणजे सगळी हवा डावीकडंच जाईल. नळाच्या मागं हात घातला. गरम. चटका बसेल इतकी गरम.

नळाच्या तोंडाशी हात आणला. गरम.

वीतभर खाली आणला. पाय ठेवतात तिथं.

गार.

रात्रीचा एक वाजला होता. हायवेवर ट्रक चालू होते, ते ऐकून बरं वाटत होतं, तो म्हणाला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाणी. पाइप. झडप. नळ. पंखा. सगळं ठीक. वीस वर्षं गाड्या दुरुस्त करून राह्यलो, तो मला म्हणाला, गाडी खोटं बोलत नाई. बिघाड असला तर सापडतोच.

बिघाड नव्हता.

तीन वाजले. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. इंजिन चालू. पंखा चालू. शेडचे दिवे काचेत दिसत होते. काचेवर आतून दव यायला लागलं.

फक्त डावीकडच्या काचेवर.

एक गोल. वाटीएवढा. विरायचा... पुन्हा यायचा. कोणी श्वास घ्यावा आणि सोडावा, तसा.

त्यानं तिकडं मान वळवली नाही. समोर पाहत राहिला. रस्त्यावर बराच वेळ एकही ट्रक आला नाही.

मग त्याला समजलं. हीटरचं काही नव्हतं, तो गारठा काकूंचा होता. पाच हिवाळे, आणि शेवटची ती रात्र... ज्या माणसानं दर वेळी गार हवाच सोसली, तो पाय खाली कशाला सोडेल? पाय अजून वरच होते. लुगड्यात.

भीती गेली, तो म्हणाला. रडू आलं.

"काकू," तो म्हणाला. समोर पाहतच. "नवी जाळी टाकली. मीच टाकली."

...

"घ्या ना पाय खाली."

पंखा आपोआप थांबला.

इंजिन चालू होतं. दिवे चालू होते. पंखा तेवढा थांबला. त्यानं बटण दाबलं नव्हतं. शेडमध्ये एवढं शांत झालं, की टिनावरून दव टपकलेलं ऐकू आलं.

एक थेंब... दुसरा...

टक टक.

डॅशबोर्डच्या खालून. डावीकडून.

पंखा फिरला.

चंद्रभान हलला नाही. हळूहळू, मंद, डावीकडून ऊब यायला लागली. त्याच्या डाव्या गुडघ्याला लागली. मग हाताला. काचेवरचा गोल एकदा मोठा झाला, फिका झाला, मग राहिला नाही. तो तसाच बसून होता, मधुकररावांची काठी फरशीवर वाजेपर्यंत.

चार वाजले होते. मधुकररावांच्या एका हातात पूजेची पिशवी, दुसऱ्यात काठी. डोक्याला मफलर. चंद्रभान खाली उतरला. 

"झालं, काकाजी," एवढंच म्हणाला. "गरम येते आता."

मधुकररावांनी डावीकडचं दार उघडलं. दुसरं कोणी चालवत असलं की ते पुढंच बसतात. पिशवी आधी खाली ठेवावी म्हणून वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

चंद्रभान त्यांच्या मागून पुढं सरकला. मॅट पुसायची राहून गेली होती. सगळी मॅट ओली, पाणी दिव्यात चमकत होतं. आणि मधोमध, हवेच्या नळासमोर, शेजारी शेजारी दोन कोरड्या खुणा. लहानशा. टाचा सीटकडं, बोटं नळाकडं. डाव्या खुणेत बोटं चारच उमटली होती. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

मधुकररावांना रात्री दिसत नाही म्हणतात. त्यांनी हात खाली नेला, कोरड्या जागेवर तळवा टेकवला, आणि बराच वेळ तिथंच ठेवला. ती जागा कोमट असावी, चंद्रभान म्हणतो. त्यानं हात लावून पाहिलं नाही.

मग त्यांनी पिशवी उचलली. दार लावलं, एखादं माणूस आत झोपलं असावं इतक्या हळू. चंद्रभानच्या खांद्यावर एकदा हात ठेवला. आणि काठी टेकत जीपला वळसा घालून मागच्या दाराकडं चालत गेले.