चौथ्या चॅनेलवरचा हुंकार

सावळीराम गांगुर्डे यांनी उभ्या आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. ते निळं अंतर्देशीय पत्र त्यांनी फाडलं नाही, फेकलं नाही आणि विसरले तर मुळीच नाहीत. चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाला कुठला कागद कुठल्या पुस्तकात आहे हे विसरता येत नसतं. एकोणीस वर्षं ते पत्र एका जाड कादंबरीत होतं आणि कादंबरी कपाटाच्या वरच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून.

पत्र निफाडजवळच्या एका खेड्यातून आलं होतं. पाठवणारी सिंधुबाई नावाची आंधळी बाई, अक्षर तिच्या नातीचं, गोल गोल. त्या काळी सावळीराम पंचवटीतल्या अंध श्रोत्यांच्या मंडळासाठी पुस्तकं वाचून कॅसेटी भरत. मंडळ त्या गावोगाव पाठवी. सिंधुबाईने लिहवून घेतलं होतं:

‘साहेब, तुमची कॅसेट संपली तवा राधा नदीच्या काठावर उभी हुती. पुढची कॅसेट आली नाय. तिला पलीकडं जायला मिळालं का? आन दुसरं आसं, तुमी वाचता तवा मी हुंकार देते. तुमाला ऐकू येतो का? उत्तर पाठवा. तृप्ती वाचून दाखवील.’

पुढची कॅसेट येणारच नव्हती. सावळीरामांनी एकदा, एकदाच, आपली कॅसेट स्वतः लावून ऐकली होती. आतला आवाज त्यांना कुणा भलत्याच माणसाने आपलं सोंग घेतल्यासारखा वाटला. घशातला, भित्रा, उगाच शहाणा. हे लोक ऐकतात तरी कसं? तीन प्रकरणं उरलेली असताना त्यांनी वाचन सोडलं. आता त्या बाईला काय कळवायचं? वाचणाऱ्याला लाज वाटली म्हणून? उद्या लिहू, परवा लिहू, असं करता करता उत्तर देण्याचीच लाज वाटावी इतके दिवस गेले.

यंदा मंडळाने पुन्हा वाचन सुरू करायचं ठरवलं. कुणी दोन स्पीकर दिले, कुणी दोन माइक. उरला तो माइकचे आवाज एकत्र करणारा मिक्सर. सावळीरामांनी तो घरी ठेवायचा, त्यावर पुस्तकं रेकॉर्ड करायची आणि महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी उचलून पंचवटीतल्या सभागृहात न्यायचा. म्हणजे घरच्या रेकॉर्डिंगला आणि कार्यक्रमाला एकच यंत्र, तेही मंडळाला झेपेल असं. निवड त्यांच्यावर सोपवली होती. मंडळाला वाटलं, एवढी पुस्तकं वाचलेला माणूस एक यंत्र का निवडू शकणार नाही.

ते तीन आठवडे माहितीपत्रकंच वाचत बसले. वहीत रकाने पाडले.

“मिक्सर हवाय ना?” त्यांची बायको सुवर्णा म्हणाली. “मग आपला चटणीचा न्या की. आवाजाला तो कुणाला हार जायचा नाही.”

शेवटी ते शालिमार चौकाजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदार दिनेश तिशीचा, बोलायला चटपटीत. त्याने तीन यंत्रं काचेवर मांडली.

“काका, माइक किती लागणार?”

“दोन. कधी तीन.”

“मग हा बारा चॅनेलचा घेऊन काय करणार? वर वाट्या ठेवणार?” त्याने तो बाजूला केला. “हा छोटा बघा. हलका आहे, घरी चालेल, हॉलमध्येही चालेल. हा तिसरा थोडा महाग, पण यात प्रत्येक चॅनेल कॉम्प्युटरवर वेगवेगळा रेकॉर्ड होतो. एका माइकात कुणी खोकलं तर तेवढंच पुसता येतं. पण तुम्ही एकटेच वाचणार ना? मग छोटा बास.”

सावळीरामांनी छोटा घेतला. घरी येईपर्यंत रिक्षात त्यांना तीन वेळा वाटलं की चुकलं.

गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुपारी दोन ते चार शांतता असते. त्यांनी खिडकी लावली, पंखा बंद केला, कानांवर हेडफोन चढवले. वाचून बघायला काय घ्यावं? हात आपसूक वरच्या फळीवर गेला. त्याच अर्धवट राहिलेल्या कादंबरीतलं पत्र बाजूला ठेवून त्यांनी जिथं सोडलं होतं तिथूनच सुरुवात केली. राधा, नवऱ्याला शोधायला निघालेली, नदीच्या काठावर उभी होती.

पहिलं वाक्य संपलं. हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं, “हं.”

ते थांबले. खालच्या मजल्यावरून आलं असेल. त्यांनी दुसरं वाक्य वाचलं.

“हं.”

बारीक आवाज होता, नाकातून आलेला, म्हातारा. घाई नव्हती त्यात. पूर्वी गावाकडे गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने द्यायचा तो हुंकार. तो थांबला की समजायचं, ऐकणारा झोपला, गोष्ट तिथंच ठेवायची. आणि हुंकार येत असेल तोवर सांगणाऱ्याने गोष्ट अर्धी टाकून उठायचं नाही, असा रिवाज होता.

सावळीराम विचारी माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिक्सर दुकानात परत नेला. दिनेशने तासभर तपासला. घरघर नाही, खरखर नाही.

“काका, यंत्र ठणठणीत आहे. कसला आवाज येतो म्हणता?”

“कुणीतरी… ऐकत असल्यासारखा,” सावळीराम म्हणाले आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

दिनेश हसला नाही. त्याने तिसरं यंत्र पुढे सरकवलं. “हा घेऊन जा. यात प्रत्येक चॅनेलला हिरवा दिवा आहे. आवाज कुठून घुसतो ते दिसेल तरी.”

ते दिसलं.

माइक पहिल्या चॅनेलवर होता. सावळीराम वाचत तेव्हा पहिला दिवा लागे. वाक्य संपलं की पहिला विझे आणि चौथा लागे. चौथ्या चॅनेलला काहीच जोडलेलं नव्हतं. त्याची आवाज चढवायची दांडी तळाशी होती.

त्यांनी वर्तमानपत्र वाचून पाहिलं. चौथा दिवा गप्प. यंत्राचं माहितीपत्रक वाचलं. गप्प. कादंबरीतलं वाक्य मुद्दाम मधेच तोडलं. गप्पच. ते वाक्य पुरं केलं.

“हं.”

लॅपटॉपवर चार पट्ट्या उमटल्या होत्या. दुसरी, तिसरी कोरी. पहिलीवर त्यांचा आवाज, डोंगररांगेसारखा. चौथीवर, प्रत्येक वाक्याच्या मागे, बोटाएवढा एक उंचवटा. त्यांनी ती पट्टी पुसली. पुन्हा लावून ऐकलं. हुंकार गेला होता, आणि राहिलेला आवाज एकोणीस वर्षांपूर्वीसारखाच खोटा वाटत होता. त्यांनी पुसलेलं परत आणलं. आता तोच आवाज कुणालातरी काहीतरी सांगत होता.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा एक प्रकरण सलग पुरं केलं. ते टेबलावरून उठले तेव्हा स्वयंपाकघरातून सुवर्णा म्हणाली, “पाहुण्यांना चहा तरी विचारायचात.”

“कोण पाहुणे?”

“मला काय माहीत? बाईमाणसाचा आवाज येत होता. म्हातारी वाटली.” ती ओट्याशी पाठमोरी होती. “गेल्या का?”



दुसऱ्या रविवारी सकाळी ते यंत्र मांडीवर घेऊन रिक्षाने पंचवटीत गेले. सभागृह भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, वर पत्रा, खाली लोखंडी खुर्च्या. चौदा श्रोते आले होते. पहिल्या रांगेत फुलाबाई होत्या. त्या जन्मांध, मखमलाबादकडच्या. घरच्या मळ्यातल्या झेंडूचे हार बोटांच्या अंदाजाने ओवायच्या आणि देवळाबाहेर विकायच्या. त्यांच्या लुगड्यालाही झेंडूचाच वास होता.

“भाऊ, आवाज म्हातारा झाला की तुमचा,” त्या म्हणाल्या. “पन वळखला. वाचा आता. लय वाट बघाय लावली.”

सावळीरामांनी शेवटून दुसरं प्रकरण काढलं. चौथ्या चॅनेलची दांडी तळाशी आहे ना, हे बोटाने चाचपलं. स्पीकरमधून त्यांचा आवाज सभागृहभर पसरला. बाहेर भाजीवाल्यांचा गलका होता, तरी आत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

पान उलटताना त्यांनी वर पाहिलं.

चौदा चेहरे त्यांच्याकडे वळलेले नव्हते. आवाजाकडे, म्हणजे स्पीकरकडे, वळणारी माणसं ती. पण सगळ्यांच्या माना किंचित डावीकडे झुकल्या होत्या, दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे. ती रिकामी होती.

टेबलावर चौथा दिवा लागला आणि विझला.

कार्यक्रम संपल्यावर लोक काठ्या चाचपत बाहेर पडले. फुलाबाई बसूनच राहिल्या.

“भाऊ, सिंधू आली हुती का वो?”

सावळीरामांच्या हातातली वायर गुंडाळायची राहिली. “कोण सिंधू?”

“निफाडकडची. मंडळाच्या कार्यक्रमाला आमी दोघी शेजारी बसायचो. हुंकार द्यायची तिला भारी सवय. मी म्हनायचे, बये, रेडिओला बी हुंकार देशील तू.” फुलाबाई हसल्या, मग हसू विरलं. “पन ती तर गेली. तुमच्या कॅसेटी बंद झाल्या त्याच्या पुढच्या साली.”

“तुम्ही कुणा दुसऱ्याचा…”

“मानसागनिक हुंकार येगळा आसतो, भाऊ. डोळसाला फसवाल, आमाला नाय.” त्यांनी पदर सारखा केला. “तिची नात सांगत हुती. शेवटी शेवटी म्हातारी कॅसेटची कोरी बाजू लावून बसायची. नुसतं सूं सूं वाजायचं. आन ही आपली त्याला हुंकार देतीय. नात म्हनायची, आजी, यात काय नाय. तर म्हनायची, थांबलंय जरा. वाचनारा दम खातोय.”

सावळीराम खुर्चीत बसले. त्यांना त्या क्षणी भीती वाटली नाही. वाटली ती शरम, आणि ती भीतीपेक्षा वाईट होती. एका बाईने मरेपर्यंत त्यांच्या गप्प बसण्याला हुंकार दिला होता. आता एकच प्रकरण उरलं होतं. ते वाचून संपवलं की ती सुटेल, असा त्यांनी आपल्या मनाशी हिशेब केला.

सोमवारी दुपारी त्यांनी खिडकी लावली. पंखा बंद केला. सुवर्णा आतल्या खोलीत आडवी झाली होती.

ते वाचू लागले. आवाज थरथरला, मग स्थिरावला. राधा होडीत बसली. वाक्यामागे वाक्य गेलं आणि वाक्यामागे हुंकार आला. मधे एकदा राधाचा हात पाण्याला लागला तेव्हा हुंकार जरा लांबला. सावळीरामांना वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदाच नीट वाचतो आहोत.

राधा पलीकडे पोचली. तिने मागे वळून पाहिलं नाही. कादंबरी संपली.

“हं.”

त्यांनी पुस्तक मिटलं. “संपलं,” ते हळूच म्हणाले.

“हं.”

“संपलं, सिंधुबाई. पुढे काही नाही.”

“हं.”

दोन हुंकारांमधलं अंतर कमी होत चाललं होतं.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. हुंकार थांबला नाही. तो आता खोलीत होता.

“हं.”

त्यांच्या उजव्या खांद्याच्या मागे. बसलेल्या माणसाच्या उंचीवर.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“अहो,” आतून सुवर्णाचा झोपाळू आवाज आला, “त्या बाईंना काय हवंय ते द्या ना एकदा.”

टेबलाच्या कडेला निळं पत्र पडलं होतं. घडी आपोआप उलगडली होती की त्यांनीच कधी उलगडली होती, हे त्यांना आठवेना. राधाचं काय झालं, ते सांगून झालं होतं. पण बाईने दोन गोष्टी विचारल्या होत्या. आणि दुसरीचं उत्तर तिने कागदावर मागितलं होतं.

त्यांनी खणातून पोस्टकार्ड काढलं. निफाडचा पत्ता लिहिला, कार्डाच्या मागच्या बाजूला एकोणीस वर्षांपूर्वी जुळवून ठेवलेली माफीची तीन वाक्यं लिहिली, ती त्यांना खोटी वाटली म्हणून खोडली, आणि खाली लिहिलं:

‘राधा पलीकडे गेली. तुमचा हुंकार ऐकू येतो.’

खोलीत काहीच आवाज झाला नाही. चारही दिवे विझलेले होते.

चप्पल पायात सरकवून ते तसेच खाली उतरले. कॉलनीच्या कोपऱ्यावर लाल पत्रपेटी आहे. तिचा रंग उडालाय, बाजूला रसवंतीचं दुकान झालंय, आणि पोस्टमन ती उघडतो की नाही, हे आता कुणी सांगू शकत नाही. भर उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सावळीरामांनी पेटीच्या फटीत कार्ड अर्धं सरकवलं आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या मनात शंका आली. आणखी काही लिहायला हवं होतं का? अक्षर नीट आलं का? वाचून कोण दाखवणार?

ते मागे घ्यावं म्हणून त्यांनी बोटं आवळली.

कार्ड त्यांनी सोडलं नव्हतं. पलीकडून ते अलगद ओढून घेतलं गेलं.