पडद्यावरची टेकडी

भुतंखेतं रात्रीच दिसतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं.

हे भर दुपारी घडलं. दिवे लख्ख चालू असताना, दोन शहाण्यासुरत्या माणसांच्या डोळ्यांदेखत. यातला एकही शब्द पदरचा नाही.

ज्यांच्यावर हा प्रसंग आला त्या शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणतात. ताईंचं निम्मं आयुष्य गॅमा किरणं मोजण्यात गेलं. मोठाल्या फुग्यांना यंत्रं बांधून त्या आभाळात सोडायच्या आणि फुटलेल्या ताऱ्यांकडून येणारी किरणं टिपायच्या. पुढे तेच तंत्र वापरून त्यांनी माणसाच्या अंगातली किरणं मोजणारी खोली उभी केली.

खोली कसली, तिजोरीच ती. जाडजूड पोलादी भिंती. पोलादही एका बुडालेल्या जुन्या जहाजाचं... कारण नव्या पोलादात अणुस्फोटांच्या किरणोत्साराचा अंश उतरलेला असू शकतो. आत एक खुर्ची, आणि बाहेर बसलेल्यांशी बोलायला माइक-स्पीकर. खिडकी नाही. दार इतकं जड, की उघडायला मोठ्या माणसालाही अंगाचा जोर लावावा लागे.

त्या शनिवारी ताईंची लहानगी लेक सोबत आली होती. सारखी गुणगुणायची, म्हणून सगळे तिला भुंगी म्हणत.

"आई, माझ्या अंगातून खरंच किरणं निघतात?"

"सगळ्यांच्याच निघतात गं. आपण केळं खातो, बटाटा खातो ना, त्यातलं पोटॅशियम अंगात मुरतं. त्यातला अगदी कणभर भाग किरणं सोडत राहतो. तू आत बसलीस की पडद्यावर ठिपक्यांची एक टेकडी उगवेल. हाडामांसाचा माणूस बसला, की टेकडी येतेच."

"आणि भूत बसलं तर?"

"तर सपाट मैदान!"

यंत्र सांभाळणारे काका हसले. "मग आपल्या साहेबांना बसवू एकदा. ते जागेवर असतात की नसतात, याचा निकाल तरी लागेल."

काकांनीच भुंगीला खुर्चीत बसवलं. ताईंनी स्वतः दार लोटून बंद केलं.

मोजणी सुरू झाली. बाहेरच्या स्पीकरमधून गुणगुण ऐकू येऊ लागली. पडद्यावर एकेक ठिपका पडत गेला... आणि जिथे यायला हवी, नेमकी तिथेच छोटीशी टेकडी उगवली.

"आली गं तुझी टेकडी!" ताई माइकवर म्हणाल्या.



गुणगुण थांबली होती.

"भुंगे?"

...नुसता श्वास.

"आई, कोणाशी बोलतेस?"

हा आवाज स्पीकरमधून आला नव्हता.

पाठीमागून आला होता.

ताई वळल्या. भुंगी उभी होती. तोच फ्रॉक. तीच अर्धी सुटलेली वेणी. हातात बिस्किटांचा पुडा.

"तू... तू बाहेर कधी आलीस?"

"मघाशीच. कंटाळा आला मला."

काकांनी मान वर केली. पोलादी दार त्यांच्या समोरच होतं.

बंद.

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. टेकडी अजून वाढत होती...

तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"आई... दार उघड ना. मला भीती वाटतेय."

ताई दाराकडे झेपावल्या. पण भुंगीने त्यांचं मनगट धरलं.

"नको उघडूस. आपण घरी जाऊ."

इवल्याशा बोटांची पकड ती. तरी ताईंना हात सोडवता येईना. एक लेक आतून हाक मारतेय, एक लेक हात धरून उभी आहे. आईने कोणाचं ऐकायचं?

स्पीकरमधून एक हुंदका आला.

मग... काहीच नाही.

भुंगीने मनगट सोडलं. ताई आणि काकांनी मिळून दार ओढलं.

खुर्ची रिकामी.

पण बसायच्या गादीत खळगा पडला होता. दोघांच्या देखत तो हळूहळू वर आला... आणि गादी सपाट झाली.

काकांनी पुढे बदली मागून घेतली. साहेब म्हणाले, यंत्र बिघडलं असेल. ताईंनी यंत्राचा भाग न भाग सुटा करून तपासला. बिघाड नव्हता. खरी किरणं कोणती आणि नुसता गोंगाट कोणता, हे निवडण्यात हयात घालवलेली बाई ती. गोंगाटाने अशी टेकडी उगवत नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

आत हाडामांसाचं मूल होतं.

मग घरी आलं ते कोण?

भुंगी पूर्वीसारखीच हट्ट करते. जेवताना सांडते. कुशीत घेतलं तर अंग गरम लागतं. तिला एकदा त्या खुर्चीत बसवलं, की सोक्षमोक्ष लागेल. ताई रोज ठरवतात... आणि रोज टाळतात.

परवा झोपायच्या वेळी भुंगी म्हणाली, "तू मला तिथे परत का नेत नाहीस, ते मला माहितीये."

"का गं?"

"टेकडी दिसलीच नाही तर, म्हणून."

ताई पांघरुणाची घडी उलगडू लागल्या.

"मलापण तीच भीती वाटते, आई," ती म्हणाली, आणि आणखी जवळ सरकली.

ताईंनी तिच्या अंगावर पांघरूण नीट केलं.

दिवा मात्र चालूच ठेवला.