सूनबाईंच्या गाई

त्याग! स्त्रीच्या अंतःकरणात अखंड तेवणारी ती ज्योत… जिच्यापुढे सिंहासने डळमळतात, तपस्वी मान तुकवतात आणि जिचे मोल जगाला नेहमीच फार उशिरा कळते! ही ज्योत या क्षणी टीव्हीपुढच्या सतरंजीवर फतकल मारून बसली होती, आणि तिच्या हातात खेळाच्या मशीनचा रिमोट होता. त्याला रिमोट म्हणत नाहीत, कंट्रोलर म्हणतात, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

पडद्यावर एक चौकोनी गोठा होता, चौकोनी गाई होत्या, आणि एका गाईच्या जागी नुसतेच वाळलेले गवत. खालची अक्षरे परक्या भाषेतली होती. पण काळे कपडे घालून, माना खाली घालून ओळीने उभे राहिलेले गावकरी कुठल्याही भाषेत समजतात.

"गेली…" मेट्रनबाई पुटपुटल्या. "दाढ गेली! आणि तीही आजच!"

मेट्रनबाई म्हणजे मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या मुख्य परिचारिका. सबंध हयात त्यांनी डॉक्टरांना शिस्त लावण्यात घालवली होती. दाढ ही त्यांच्या सुनेची गाय. सून कवळ्या बनवण्यात निष्णात, आणि त्या जुन्या खेळात जनावराच्या नावाला जागा अगदीच तोकडी. त्यामुळे त्या शेतावर दाढ, सुळा आणि कोंबड्यांत कीड अशी मंडळी नांदत होती.

सुनेला छंद होता तो शेतीच्या जुन्या व्हिडिओ गेम्सचा. भंगारबाजारातून, मोडीत निघालेल्या दुकानांतून, कुणाच्या माळ्यावरून ती ते गोळा करी… टवके उडालेल्या कॅसेटी, ओरखडे पडलेल्या तबकड्या. पुसून, फुंकून, मशीनला लावून ती पुन्हा तीच शेते नांगरी, जी तिने शाळेत असताना नांगरली होती. नवे खेळ तिला रुचत नसत. "नव्या खेळात गाजर उपटायचं तर आधी जाहिरात बघा," ती म्हणे. "जुन्यात गाजर म्हणजे गाजर."

आणि याच गाजरांवरून दोन वर्षांपूर्वी त्या घराची शकले झाली होती!

खरे तर सुनेला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली, एवढेच. पण बांधाबांध चालू असताना मेट्रनबाईंच्या तोंडून निसटले, "या घरात माणसांपेक्षा त्या मेल्या टीव्हीतल्या गाईंना जास्त मान!"

"गाई निदान टोमणे मारत नाहीत!" सून कडाडली, आणि एकाएकी तिचे डोळे भरून आले. तिकडच्या एवढ्याशा खोलीत खेळांचे ते कपाट मावणार नव्हते. "जाते मी. आता इथे माझ्या गाईंकडे कोण बघणार आहे!"

दार आपटले. चिरंजीव, म्हणजे मेट्रनबाईंचे एकुलते एक, दोन्ही हातांत बॅगा आणि चेहऱ्यावर काहीच नाही अशा अवस्थेत बायकोमागून जिना उतरले.

सुनेने ते उपहासाने म्हटले होते. पण मेट्रनबाईंनी उभ्या आयुष्यात उपहास केला होता, ऐकून कधीच घेतला नव्हता. त्यांना एकच कळले: नातेवाईक निघून गेले, पेशंट इथेच आहेत. आणि नातेवाईक कितीही उद्धट असले तरी पेशंटला उपाशी ठेवायचे नसते!

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन चालू केले. पहिला आठवडा भयंकर गेला. त्या खेळात कोंबडी उचलता येते, पण नेमके बटण सापडले नाही तर ती खाली ठेवली जात नाही, भिरकावली जाते. त्यांनी कीड नदीत भिरकावली, ओलीचिंब परत आणली, तिची क्षमा मागितली. शेजाऱ्याच्या कुत्र्याला खरारा केला. पण हळूहळू राउंड बसला. रोज आंघोळ उरकून सतरंजीवर बसायचे. प्रत्येकीला वैरण, खरारा, मग डोक्यावरून हात. गाय खूश झाली की तिच्या डोक्यावर लाल बदाम उमटे, आणि शेवटचा बदाम उमटल्याखेरीज मेट्रनबाई चहा घेत नसत.

त्यापायी त्यांनी काय काय सोडले! धाकट्या बहिणीने समुद्रकाठच्या सहलीला बोलावले, तर "घरात जनावरं आहेत," म्हणून फोन ठेवला. बहिणीने दुसऱ्या दिवशी उंदरांचा पिंजरा पाठवून दिला. मुलाने "आई, महिनाभर ये ना आमच्याकडे," म्हणून किती विनवण्या केल्या… मागून सुनेचा हलका आवाज येई, "माझंही बोलावणं आहे म्हणावं." आणि मेट्रनबाई, काळजाचा दगड करून, म्हणत, "मला नाही जमायचं." कारण कसे सांगणार? ज्या बाईला पाहून सर्जन सिगारेट विझवत, ती टीव्हीतल्या गाईंसाठी घरी थांबते म्हणून! तिकडे सून मात्र समजत होती… आईंना माझे तोंडही पाहायचे नाही!

मग फोन कमी झाले. आणि आज ती दोघे येणार होती, गेम्स न्यायला. आता घर मोठे मिळाले होते. एकदा ते कपाट रिकामे झाले की सुनेला या घरी यायला निमित्तसुद्धा उरणार नव्हते… आणि नेमकी आज, तिने सोपवलेली गाय दगावली!

बेल वाजली.

दारात सून. केस कापलेली, जरा वाळलेली. मागे रिकामे खोके घेऊन चिरंजीव. "बऱ्या आहात ना, आई?" ती बूट काढता काढता खालमानेने म्हणाली. "आम्ही फार वेळ नाही घेणार. तेवढं कपाट…"

आणि तिची नजर टीव्हीवर गेली.

मेट्रनबाईंनी पडदा झाकून पाहिला, पण टीव्ही मोठा आणि त्या किरकोळ. मग त्या ताठ उभ्या राहिल्या, नातेवाइकांना वाईट बातमी देताना राहत तशा.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "आम्ही सगळे प्रयत्न केले. कालपर्यंत नीट खात होती. सकाळी बघते तर…" तो शिस्तीचा आवाज मधेच फुटला. "तू माझ्यावर टाकून गेलीस गं, आणि मला नाही राखता आली!"

सून सतरंजीवर बसली, कंट्रोलर घेतला आणि गोठ्यात शिरली. गाई ओळीत उभ्या, वॉर्डातल्या खाटांसारख्या. प्रत्येकीच्या डोक्यावर लाल बदाम. कोठारात दुधाच्या बाटल्या छताला टेकलेल्या.

"दूध विकलं नाहीत?"

"तुझं आहे. मी कोण विकणार?"

"आणि शेत? काहीच पेरलं नाहीत?"

"पेरणीतलं मला काय कळतंय? मी फक्त पेशंट बघितले."

"पण आई," चिरंजीवांनी बोलायचे ठरवले. असे ते क्वचित ठरवत, आणि वेळ हमखास चुकत. "हा जुना खेळ आहे. मशीन बंद असलं की यात दिवसच जात नाही. गाईंना भूक नाही, तहान नाही, वय नाही. तू चालूच केलं नसतंस ना, तर दाढ अजून…"

सुनेने बसल्या बसल्या त्यांच्या नडगीवर टाच हाणली. पण वाक्यातला महत्त्वाचा भाग बाहेर पडला होता.

मेट्रनबाई हळूहळू खाली बसल्या.

"म्हणजे मी रोज उठवलं म्हणून ती म्हातारी झाली."

"तसं नाही हो, आई…"

"म्हणजे मी समुद्रावर गेले असते तरी चाललं असतं. तुमच्याकडे आले असते तरी…"

"आमच्याकडे?" सुनेच्या हातातून कंट्रोलर गळून पडला. "तुम्ही गाईंसाठी आला नाहीत? आणि मी दोन वर्षं समजत होते की…" पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले! "अहो, माझ्या सख्ख्या आईनं माझे गेम पोत्यात भरून फेकले होते. कचरा म्हणाली! आणि तुम्ही दाढेच्या डोक्यावरून रोज हात फिरवलात?"

"त्याशिवाय खात नसे ती," मेट्रनबाई सतरंजीवर चष्मा काढून ठेवून रडत म्हणाल्या.

"खायची हो! हात नाही फिरवला तरी खायची!"

"तुझ्याकडे खात असेल. माझ्याकडे लाडावली होती."

यावर सून रडता रडता हसली, आणि हसता हसता अधिकच रडली. चिरंजीव एक रिकामे खोके धरून नडगी चोळत उभे होते.

"हे भरू का?" त्यांनी विचारले.

"काही भरू नका," सून म्हणाली. "कपाट इथेच राहू दे. मी येत जाईन. आणि आई, उद्या तुम्ही आमच्याबरोबर चला." तिने खेळ सेव्ह केला आणि मशीनच्या बटणाकडे हात नेला.

मेट्रनबाईंनी तिचे मनगट धरले. "अगं, सुळा उपाशी राहील!"

"भूक लागायच्या आधीच थांबेल ती. आहे तिथे, आहे तशी. आपण परत आलो की मग."

"नक्की?"

"नक्की."

पडदा काळा झाला. मेट्रनबाई बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या. कुणी हंबरले नाही. त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली. सून सरकत सरकत त्यांच्याजवळ आली आणि तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले… आणि दोन हृदयांमधली ती दुराव्याची, अभिमानाची, न बोललेल्या शब्दांची अभेद्य भिंत अश्रूंच्या त्या महापुरात बघता बघता विरघळून गेली!

"बोला ना, आई," सून त्यांच्या खांद्यात तोंड लपवून म्हणाली. "मनात काय असेल ते सगळं बोला आज!"

मेट्रनबाईंनी तिच्या कापलेल्या केसांवरून अलगद हात फिरवला.

"जरा उठतेस का?" त्या म्हणाल्या. "माझ्या चष्म्यावर बसलीयेस."