मागून गाडी हो, मंडळी!

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्याला खोटं वाटेल त्याने रविवारी सकाळी शिवडीला जावं आणि स्वतःच्या कानांनी खात्री करून घ्यावी. मी सोबत येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. सकाळचे सहा वाजून गेलेले.

दादरचा विक्रांत आणि त्याची मैत्रीण देविका सायकल-सहली काढायचे. शिवाजी पार्कवरून निघायचं, परळमार्गे शिवडी, गोदामांच्या मागचा रस्ता आणि पुढे तिवरांचं हिरवंगार रान. मुंबईतच मुंबई विसरायला होतं म्हणून लोक हौसेने यायचे.

रस्ता मात्र ट्रेलरवाल्यांचा. म्हणून नियम होता. सगळ्यांत मागे असेल त्याने वाहन दिसलं की ओरडायचं, "मागून गाडी!" प्रत्येकाने ती हाळी पुढच्याला द्यायची आणि डावीकडे सरकायचं.

दहा महिन्यांनी निघालेली ही पहिलीच सहल होती.

कारण दहा महिन्यांपूर्वी याच रस्त्यावर अच्युतकाका गेले. शिवाजी पार्कातले, सत्तरीचे, पण दर रविवारी सगळ्यांच्या आधी हजर. हाळी पुढे देताना ते एकटेच म्हणायचे, "मागून गाडी हो, मंडळी!" पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसं. पोरं खो खो हसायची.

त्या दिवशी सगळ्यांत मागे विक्रांत होता. एक हात हँडलवर, दुसऱ्यात मोबाईल. फ्लेमिंगोंचा रील काढत होता गाढव! ट्रेलर अगदी शेजारून गेला तेव्हा त्याने मान वर केली...

समोर काका होते.

हाळी त्याने दिलीच नव्हती.

पोलिसांना, लोकांना, काकांच्या बायकोला म्हणजे बेबीकाकूंना, त्याने एकच सांगितलं. "मी ओरडलो ना! काकांनी कानाचं मशीन लावलं नव्हतं." मशीन खरंच घरी होतं. घामाने बिघडतं म्हणून काकूंनीच काढून ठेवायला लावलेलं. मोठ्याने ओरडलं की काकांना मशीनशिवायही ऐकू यायचं, हे विक्रांतला पक्कं ठाऊक होतं.

काकू मटकन खाली बसल्या. "मीच रे काढायला लावलं..."

आणि हा नालायक गप्प राहिला. दहा महिने.

तर त्या रविवारी विक्रांत पुढे होता, मधे सातजण, शेवटी देविका. गोदामं मागे पडली.

"मागून गाडी!"

एकेक करत हाळी पुढे आली. सगळे डावीकडे सरकले.

गाडी आलीच नाही...

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. हाळी आली, गाडी नाही. विक्रांत थांबला.

"देविका, टाइमपास करतेस काय गं?"

"मी सुरू नाही केली रे." तिचा चेहरा पांढराफटक. "मी फक्त पुढे दिली. माझ्या मागून आली."

"तुझ्या मागे कोण आहे?"

ती मागे वळून बघेना.

विक्रांतने पाहिलं. रस्ता रिकामा होता. साधं कुत्रंही नाही.

"तू पुढे हो," तो म्हणाला. "शेवटी मी राहतो."

पुन्हा निघाले. पक्ष्यांची कलकल अचानक थांबली. त्याच्या मागे एका सायकलची चेन वाजत होती... कर्र... कर्र... तो हळू झाला की तीही हळू व्हायची.

मग अगदी खांद्याशी...

"मागून गाडी हो, मंडळी!"

विक्रांत जिवाच्या आकांताने ओरडला, "मागून गाडी!" सगळे गवतात घुसले. दिवे बंद ठेवून आलेला टेम्पो त्याच्या कोपराजवळून सुसाट गेला.

कुणाला ओरखडाही नाही. "तू होतास म्हणून वाचलो रे!" लोक त्याची पाठ थोपटत होते आणि तो रस्त्यातच ढसाढसा रडत होता. त्या आवाजात राग नव्हता हो. राग असता तर त्याला परवडला असता.

तो तडक काकूंच्या दारात गेला. उंबऱ्याबाहेर उभं राहून तेव्हाचं आणि आजचं, सगळं ओकला.

काकू म्हणाल्या, "म्हणजे ऐकू आलं असतं त्यांना."

"हो काकू."

"आणि आज... माझ्याबद्दल काही बोलले?"

'हो' म्हणावं असं त्याला फार वाटलं. म्हातारीला बरं वाटलं असतं. पण आता खोटं तोंडून फुटेना.

"नाही, काकू."

त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

सहली बंद झाल्या. पण काकू दर रविवारी सकाळी टॅक्सी करून शिवडीला जातात आणि त्या रस्त्याच्या कडेने एकट्याच चालतात. विक्रांतकडे बघत नाहीत, बोलत नाहीत. तो वीस पावलं मागून चालतो. वाहन दिसलं की ओरडतो.

गेल्या रविवारी मागून ट्रेलर आला. विक्रांतने ओरडायला तोंड उघडलं...

त्याआधीच काकू डावीकडे सरकल्या. थांबल्या. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून हसल्या, आणि हळू आवाजात कुणाशी तरी बोलायला लागल्या.

विक्रांतला मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं.